काखेतल्या चपला

फाटकातून आत शिरताना मी चपला काढल्या आणि काखेत धरल्या. मुंबईत नव्या घेतलेल्या, करकर वाजणाऱ्या. कुणी सांगितलं नव्हतं. पायांनीच परस्पर ठरवलं.

खोतांच्या घरासमोर आमच्या वाडीतल्या माणसाने पायात काही घालायचं नाही, ही जुनी रीत. आता खोती कायद्याने गेली होती. आम्ही बौद्ध झालो त्यालाही काही वर्षं झाली होती. पण ही बातमी माझ्या पायांपर्यंत पोचली नव्हती. आणि मी म्हणजे गिरणीत युनियनच्या भाषणाला सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारा.

त्या मे महिन्यात खोतांनी आपली जुनी बाग दर आयतवारी लोकांना बघायला खुली केली. बायको तळेऱ्याकडची, तिला इथली रीत ठाऊक नाही, बागेची हौस मात्र भारी, म्हणून तिला घेऊन आलो होतो. आतली चिऱ्याची पाखाडी, फाटकापासून ओटीपर्यंतची दगडी वाट, माझ्या बापाने बांधलेली. बांधून झाल्यावर तिच्यावरून तो कधी चालला नाही. मागच्या बाजूने यायचा, मागच्या बाजूने जायचा.

पाखाडी तापली होती. चटके बसत असणार. मला काही कळत नव्हतं.

ओटीवर धाकटे खोत, माझ्याच वयाचे. सोबत मालवणचे पाहुणे, सगळे बुटाचपलांत.

"अरे, तू पाखाडीवाल्याचो झील मां?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्या काखेकडे बघितलं आणि पाहुण्यांना शुद्ध मराठीत सांगितलं, "बघा, मुंबईत राहतो, तरी वळण सोडलं नाही. अशी माणसं आता मिळत नाहीत."

पाहुण्यांनी माझ्याकडे बघितलं. मघाशी चाफ्याकडे बघत होते, तसंच. मी हसलो. होय, हसलो.

राग आला नाही. सगळं बधिर. फक्त बापाचे पाय दिसले, भेगांत चिऱ्याची लाल धूळ बसलेले. वाकलो. चपला खाली ठेवल्या. एकेक पाय आत घातला.

"काय रे, चटको बसलो?" खोतांनी मला सुटायला वाट ठेवली.

"नाय," मी म्हटलं. "चपला पायातच घालतत."

करकर वाजवत मी सगळी बाग फिरलो. एक झाड आठवत नाही. छाती मात्र थोडी पुढे आली असावी.

बाहेर खाडीकाठी बायको खाली बसली. पाय पाण्यात सोडले. तळवे लालभडक. पदराखालून तिने आपल्या चपला काढल्या.

"गो, तू कित्याक काढलंस?"

"तुमी काढलास म्हणान. मगे तुमी घातलास नि फुडे गेलास. मागे वळान बघशात म्हणान वाट बघी होतंय. बघलास नाय."

तिने पाय पुसले, चपला घातल्या आणि उठली.

"आता वाट बघूचंय नाय. फुडल्या आयतवारी परत येवया. फाटकातसून मी फुडे. तुमी मागसून येवा."