ओळ झेलणारी डबी

"झेल. खाली परू देऊ नको."

मावशी हे वाक्य कशालाही म्हणायची. कुंपणावरून शेवग्याच्या शेंगा देताना, चहाचा कप पुढे करताना, कोणाचं तान्हं पोर परत त्याच्या आईच्या हातात देताना. घराची किल्ली आमच्याकडे ठेवायची असली की मात्र ती खरोखरच फेकायची. माझी आई पदर पसरून उभी राहायची आणि किल्ली हमखास तुळशीच्या कुंडीत पडायची. मग दोष आईचा. "तुना झेलताच येत न्हाय."

भिवंडीजवळच्या वळ गावात ती आमची शेजारीण, आणि पंचक्रोशीची धवलारीण. तुम्ही आमच्या बाजूचं लग्न पाहिलं नसेल तर सांगतो. आमच्याकडे भटजी येतो तो नंतर. त्याआधी, उंबराची फांदी आणण्यापासून हळद लागेपर्यंत, सगळं धवलारणीच्या हातात असतं. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि गाणं सरकेल तसा विधी सरकतो. एकदा नवऱ्याच्या मामाने घड्याळ दाखवून घाई केली, तर मावशी गाता गाता थांबून म्हणाली, "मामा, देवांना बोलावनं चाललाय. तुमी तवर जेवून घ्या." मामा खरंच जेवायला गेला.

पण धवले एकटीने गायचे नसतात. धवलारीण ओळ म्हणते आणि दुसरी बाई तीच ओळ उचलून पुन्हा म्हणते. तेवढ्यात पहिलीला श्वास घेता येतो. मावशीची ओळ झेलायची तिची धाकटी जाऊ. दोघींचं घरात कधी पटलं नाही. पाण्याच्या पिंपावरून, दोरीवरच्या कपड्यांवरून, नवऱ्यांवरून भांडण. मांडवात बसल्या की मात्र मावशीची ओळ संपते कुठे आणि जावेची सुरू होते कुठे, कळायचं नाही. जावेचा आवाज जरा दबका होता. मागून येणाऱ्या माणसाने पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकावं तसा यायचा.

जाऊ आजारी पडली आणि गेली. त्यानंतरचं पहिलं लग्न कशेळीला होतं. मावशीने ओळ म्हटली, थांबली, आणि कोणीच ती उचलली नाही. मांडवात बायका भरपूर होत्या. काहींना ओळ येत नव्हती, काहींना येत होती पण लाज वाटत होती. मावशीने थोडी वाट पाहिली आणि तीच ओळ स्वतःच पुन्हा म्हटली. मग पुढची, तीही दोनदा. सगळे धवले तिने असे एकटीने दोनदा म्हटले. घरी आली तेव्हा घसा पार बसला होता. ओटीवर बसून हातवारे करून तिने आईला सांगितलं ते एवढंच, की आता मला कोणी बोलवू नका.

मी तेव्हा मानकोली नाक्याजवळच्या एका गोदामात इनवर्डला होतो. आलेला माल उतरवून घ्यायचा, नोंदवायचा. सुट्टीच्या दिवशी हळदीच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. हळदीतली गिटार म्हणजे पंगतीतलं लोणचं. बेंजो आणि ढोलापुढे तिच्याकडे कोण बघतो? आपला आवाज जरा भरावा म्हणून मी एका मित्राचं डिले पेडल चार दिवसांसाठी मागून आणलं होतं. पायाशी ठेवायची लोखंडी डबी ती. गिटारचा सूर वाजला की क्षणभराने तोच सूर परत ऐकवते, मग पुन्हा, विरत जाईपर्यंत.

संध्याकाळी पडवीत वाजवत बसलो होतो, तर मावशी कुंपणापाशी.

"दुसरा कोन वाजवतंय तुझे बरोबर?"

"कोणी नाही मावशी, एकटाच आहे."

"खोटा नको बोलू. एक वाजवते, दुसरा झेलते. मी काय बहिरी हाय?"

मी तिला आत बोलावून डबी दाखवली. पेडल बंद करून वाजवलं, मग चालू करून वाजवलं. ती उकिडवी बसून डबीकडेच बघत राहिली. मला म्हणाली, "ही कुठं मिलते?"

मी सांगितलं की ही मित्राला परत द्यायची आहे, मी स्वतःसाठी एक स्वस्तातली बघायला रविवारी भिवंडीत जाणार आहे.

"मी पन येते."

रिक्षात ती देवळात निघाल्यासारखी पदर घेऊन बसली होती. दुकानदार जौनपूरकडचा, हसतमुख माणूस. मावशी तोंडाने गाण्यासाठी डबी मागते आहे हे त्याला कळायला वेळ लागला.

"आंटी, ये गिटार का है."

"गिटार को मुंह नहीं है तो भी उसको देता है. मेरेको मुंह है, तो मेरेको नहीं?"

दुकानदार हसत उठला. त्याने एक माईक काढला, वायरला मधला जोड लावला आणि आधी महागातलं पेडल जोडून दिलं. मावशी भर दुकानात, स्टुलावर बसून, धवला गायली. शेजारच्या स्पेअर पार्टवाल्याचे कामगार दारात येऊन उभे राहिले. ओळ संपली आणि तिचा शेवटचा शब्द डबीतून परत आला, घासलेल्या पितळी भांड्यासारखा लख्ख.

मावशीने तोंड वाकडं केलं. "हा तं माजाच आवाज हाय. माना मीच काय झेलू?"

मग त्याने मी बघायला आलो होतो ते स्वस्त पेडल लावलं. त्यातून तोच शब्द परत आला, पण जरा मळकट होऊन, आणि प्रत्येक वेळी आणखी खाली बसत. मावशी डबीकडे वाकली. "परत," म्हणाली. पुन्हा गायली. पुन्हा ऐकलं.

"हीच."

दुकानदार प्रामाणिक होता. "आंटी, इसमें आवाज़ थोड़ा दबता है. इसीलिए सस्ता है."

"उसका भी दबता था," मावशी म्हणाली.

त्याने वायर काढून घेतली. मी पेडल बांधून द्यायला सांगितलं.

दुकानाच्या गडबडीत लक्षात न आलेली अडचण घरी आल्यावर कळली. डबीत संपूर्ण ओळ मावत नव्हती, शेवटचा शब्द तेवढा यायचा. मी बटणं फिरवून फिरवून थकलो. मावशी म्हणाली, "अर्धवट आयकतंय. आमच्या म्हाताऱ्यासारका." आतून तिचा म्हातारा "काय गो?" म्हणाला, तेही शेवटचा शब्द ऐकूनच. थोड्या वेळाने ती म्हणाली, "जाऊ दे. शेवटचा तं शेवटचा, घेतंय ना कोनीतरी."

आमच्याच गोदामात पॅकिंगला असलेल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं. तिची आई मावशीला बोलवायला आली, आणि मावशी डबीसकट यायला कबूल झाली. मांडवात तांदळाने रेखलेल्या चौकापाशी ती माईक घेऊन बसली आणि तिच्या मागे मी, पेडल पायाशी घेऊन. पहिली ओळ 'नवरी' या शब्दावर संपली.

"वरी… वरी… वरी," डबी म्हणाली.

सगळा मांडव हसला. कोणीतरी ओरडलं, "मावशी, भूत बोलतंय!" माझे कान तापले. मावशीने मात्र श्वास घेतला आणि पुढची ओळ म्हटली. पुन्हा डबी, पुन्हा हसणं. तिच्या गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या, पण ती थांबली नाही. कशेळीचा तो दिवस मला आठवत होता. तिलाही आठवत असणार.

पाटावर नवरी बसली होती, ओठ दाबून हसू आवरत. तिसऱ्या ओळीला तिला राहवेना. "अरे, नीट म्हण की!" ती डबीला म्हणाली, आणि हसत हसत तिने ती सबंध ओळ स्वतःच म्हणून टाकली. एकही शब्द न चुकता.

हसणं थांबलं. एक आत्या पुटपुटली, "नवरीनं म्हनायचा नसतंय."

"म्हनू दे," मावशी म्हणाली. "तिचाच लगीन हाय."

आणि तिने पुढची ओळ नवरीकडे बघत म्हटली. नवरीने ती घेतली. तिच्या शेजारी बसलेल्या पॅकिंगच्या मैत्रिणी आधी एकमेकींना कोपरं मारत होत्या, मग त्याही म्हणू लागल्या, कुणी सुरात, कुणी नुसतंच मागे मागे. त्या गडबडीत मी अंगठ्याने पेडल बंद केलं.

परतताना टेम्पोत मावशी म्हणाली, "डबी बंद केलीस ना?"

मी मान हलवली.

"बरा केलास. बिचारी पार थकली व्हती."

पुढे त्या मुली सुट्टीच्या दिवशी मावशीच्या ओटीवर यायला लागल्या. ती त्यांच्यावर जावेवर ओरडायची तशीच ओरडायची, म्हणजे मनापासून. पेडल माझ्याकडे राहिलं. मावशी अधूनमधून त्याची चौकशी करायची, परगावी दिलेल्या लेकीची करावी तशी. "डबी बरी हाय ना?"

मावशीला जाऊन आता बरेच दिवस झाले. ओटीवर तिचा मुलगा मोटारसायकल लावतो. तिचा विषय निघाला की मला मात्र माझ्या बहिणीची हळद आठवते. तोवर मावशीचं विसरणं वाढलं होतं. मुलगा तिला हाताला धरून घेऊन आला. तिने पहिली ओळ सुरू केली आणि मध्येच थांबली. पुढचं तिला आठवेना. ती आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, एकेकाच्या.

तेव्हा स्वतःच्या लग्नात डबीला दटावणारी ती पॅकिंगची मुलगी, आता कडेवर लेकरू घेऊन, पुढे सरकली आणि ओळ पुरी केली. मावशीने तिच्या ओठांकडे निरखून पाहिलं आणि तीच ओळ तिच्यामागून म्हटली, हळू, खालच्या आवाजात. मग तसंच चाललं. मुलगी पुढे, मावशी मागे. हळदीपर्यंतचे सगळे धवले तसेच झाले. 

हळद लावायची वेळ आली. मावशीने बोटं हळदीत बुडवली आणि पाटावरच्या माझ्या बहिणीकडे वाकून विचारलं, "तू कोनाची गो?"

"तुमचीच, मावशी," बहीण म्हणाली.

"बरा," मावशी म्हणाली. तिने बहिणीच्या दोन्ही गालांना हळद लावली, आणि पुढची ओळ ऐकायला मान वळवली.