बॉयलरवाल्याच्या हृदयाचा दाब

आमचा शेजारी बॉयलरवाला. तीस वर्षं कारखान्यात वाफेचा काटा बघत बसलाय. जन्मतःच हृदयाला भोक. लहानपणी ते बुजवलं आणि तेव्हापासून गडी बेफिकीर. पन्नाशीत चार पायऱ्यांवर धापा टाकायला लागला, तरी म्हणे पायऱ्या उंच केल्यात कुणीतरी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मानेतून बारीक नळी घालून हृदयातला दाब मोजू. जास्त निघाला तर हृदयातली गळकी झडप बदलायची, आणि वेळेत बदलायची. उशीर झाला तर मग इलाज नाही.

आता याची खोड ऐका. कारखान्यात तपासनीस येणार असला, की हा आधीच वाफ सोडून ठेवायचा. काटा खाली, शेरा उत्तम. तीच अक्कल त्याने छातीला लावली. अंगातलं पाणी उतरवायला बाईंनी दिलेल्या लघवीच्या गोळ्या चार दिवस दुप्पट गिळल्या, पाणी तोडलं. दाब आला सात, म्हणजे अगदी बिनघोर. स्वारी माझ्या दारात येऊन म्हणते, "काका, पास झालो." एवढं बोलायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं.

आठवड्याने त्याची बायको रिकामी पाकिटं घेऊन आली. "काका, महिन्याच्या गोळ्या चार दिवस आधीच संपल्या. विचारलं तर वर हसतोय. या माणसाला काय करू, सांगा."

मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना दाखव. ती पाकिटांसकट त्याला दवाखान्यात घेऊन गेली. मीही गेलो, असली मजा कोण सोडतो?

डॉक्टरीणबाईंनी पाकिटं पाहिली. "तपासनीस गेल्यावर बॉयलरचं काय करता हो?"

"पुन्हा वाफ धरतो."

"किती?"

"होती तेवढी." मग मात्र त्याची मान खाली गेली.

पुढच्या खेपेला गोळ्या बायकोच्या हातून, मोजून एकेक. नळी घातली, आडवं निजवून पायाने पॅडल मारायला लावलं. निजून अठरा, पॅडल मारताना चौतीस, दोन्ही जास्तच.

"यंत्र बिघडलंय तुमचं," तो म्हणाला.

"यंत्राला नावं ठेवू नका," बायको म्हणाली. "तुमच्यासोबत पंचवीस वर्षं काढलीत मी. बिघाड कुठे आहे ते मला विचारा."

ऑपरेशनचा कागद समोर आला. तो धोक्याच्या ओळीपाशी अडकला.

"थांबलात का?" बायकोने विचारलं.

"वाचतोय."

"जन्मात पहिल्यांदाच. वाचा सावकाश, मी बसलेय."

त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग पेन मागितलं.