कंबरेच्या गोळीनं थांबवलेली पाळी

कल्पना करा, रोज दोन्ही वेळा उकिडवं बसून तुम्हाला सहा म्हशींच्या धारा काढायच्या आहेत. कुरुंदवाडच्या वर्षाराणीची कंबर त्यातच गेली. दवाखान्यातून मिळालेली ट्रामाडॉलची गोळी ती दोन वर्षं रोज घेत राहिली. मग तिची पाळी थांबली. तिला मूल हवं होतं, आणि सासू म्हणायची, "भाकड झालीस की गं."

कोल्हापूरच्या डॉक्टरीणबाईंनी आधी गोळ्यांचं पाकीट बघितलं. "ही अफूच्या जातीची. रोज घेतली की हार्मोन घटतात, पाळी थांबू शकते. एकदम सोडू नका, हळूहळू कमी करू."

वर्षाराणी भडकली. "मॅडम, म्हशीला सुई टोचली तर दूध किती दिवस डेरीला घालायचं न्हाय, ते जनावरांचा डॉक्टर सांगून जातोय की. मग मला का कुणी सांगितलं न्हाय?"