कामतसाहेबांचा मुका डबा

जुन्या कंपनीतलं कुणी भेटलं की किस्से निघतात. एकटा किस्सा कधी येत नाही. ओल्या पापडांसारखं आहे, एक उचलावा तर खाली दोन चिकटलेले. परवा नातीने नखाएवढं कार्ड दाखवलं, म्हणाली यात घरातले सगळे फोटो आहेत. म्हटलं, बाई, आमच्या अंधेरीच्या कंपनीत याचा पणजोबा होता. कपाटाएवढा.

मी तिथे चहा करायचो. कामतसाहेब कॉम्प्युटरची आठवण सांभाळणारा डबा बनवत होते. तेव्हा ती आठवण फिरत्या तबकडीवर ठेवायचे. साहेबांच्या डब्यात नुसत्या चिपा, फिरणारं काहीच नाही. शेठनी स्पष्ट सांगितलं होतं, वांद्र्याच्या गिऱ्हाइकाला पसंत पडला तर ठीक, नाहीतर खातं बंद आणि सगळे परत स्टॅबिलायझरच्या कामाला.

मी एकदा विचारलं, "साहेब, काही फिरत नाही तर हा चालतो कसा?"

"फिरत नाही म्हणून तर झटकन चालतो, मामा."

आमच्या स्टोअरमध्येही एक जण जागचा हलायचा नाही. त्याला हे लागू पडलं नाही.

*

काही चिपांना वर काचेची खिडकी असायची. तिच्यातून ऊन आत गेलं की आठवण हळूहळू पुसली जायची, म्हणून खिडकीवर स्टिकर. एकदा स्टिकर संपले. चिपा बसवणाऱ्या शिर्केबाईंनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एकेकीला टिकली लावून मोकळ्या झाल्या.

शेठ बघायला आले. हे काय म्हणून विचारलं.

"उन्हाने विसरतात हो त्या."

शेठनी वाकून एकेक टिकली बघितली. मग म्हणाले, "लावा. पण गिऱ्हाइकासमोर एकाच रंगाच्या."

*

तबकडीवाल्या मशीनची घरघर जिन्यापर्यंत यायची. हा डबा अगदी मुका. शेठ रोज यायचे, डब्याला कान लावायचे आणि तोंड पाडून जायचे. आवाज नाही म्हणजे बंद, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. साहेबांनी परोपरीने समजावलं. शेवटी कंटाळून माझ्या चहाच्या खोलीतला खडखडणारा टेबलफॅन आणून डब्याच्या मागे बसवला.

शेठनी कान लावला. "हां, आता कसा चालायला लागला!"

तो उन्हाळा मी पुठ्ठ्याने वारा घेतला.

*

डब्याचं एक दुखणं होतं. करंट गेला की सगळं विसरायचा. म्हणून खाली गाडीची बॅटरी जोडलेली. एक दिवस शेठना मुलुंडला जायचं होतं आणि गाडी सुरू होईना. ड्रायव्हरने डब्याखालची बॅटरी काढली, गाडीत घातली, गेले दोघे.

लाइट होती म्हणून डबा चालू. ती गेली असती तर साहेबांची सगळी मेहनत गेली असती. साहेब मेन स्विचपुढे हात पसरून उभे राहिले, कुणाला जवळ येऊ देईनात. शिर्केबाईंनी गणपतीला नारळ बोलला.

संध्याकाळी हॉर्न वाजला. शेठ कधी येतात म्हणून अख्खी कंपनी दारात उभी, असं त्यांच्या हयातीत पहिल्यांदाच घडलं. शेठना गहिवरून आलं. आम्ही आधी बॉनेट उघडून बॅटरी काढली.

*

गिऱ्हाईक दसऱ्यानंतर लगेच येणार होतं. आमचा वायरमन शांताराम मालवणकडचा. खंडेनवमीला हत्याराने काम करायचं नाही म्हणजे नाही. पकडी, पाने, सगळं पुसून, फुलं वाहून ठेवलं. म्हणाला, आता डबा बंद करा.

"अरे, बंद केला तर सगळं विसरेल हा." साहेब काकुळतीला आले.

"आमी गावाक जावन इलंव की सगळा इसारतंव. तुमी परत शिकवतास ना?"

शेवटी तोड निघाली. फिरतो तो पंखा, तर विश्रांती पंख्याला. पंखा बंद करून त्याला झेंडूचा हार घातला. डबा चालूच राहिला.

गिऱ्हाईक आलं तेव्हा हार तसाच होता. पंखा लावायचा राहिलाय हे कुणाच्या लक्षात नाही. वांद्र्याचे अधिकारी डब्यात साठवलेल्या यादीतलं एकेक नाव सांगत होते आणि डबा झटक्यात शोधून देत होता. अधिकारी खूश. शेठनी सवयीने डब्याला कान लावला आणि पांढरेफटक पडले.

"माफ करा," हात जोडून म्हणाले, "डबा बंद पडलाय."

अधिकाऱ्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग शेठकडे बघितलं. तेवढ्यात शांतारामने मागे जाऊन हार काढला आणि बटण दाबलं. घर्रर्र.

शेठनी हुश्श केलं. अधिकारी डब्यामागे गेले आणि वाकून पंख्याची वायर कुठे जाते ते बघू लागले. कामतसाहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

"आमच्याकडेही एक मोठे साहेब आहेत," अधिकारी परत येऊन म्हणाले. "डबा एक द्या. पंखे दोन."