माळ्यावरचा पोपट

पोपट पाळायचा तर आधी चावून घ्यायला शिकावं लागतं. मला हे कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, कारण लग्न होऊन डहाणूला आले तेव्हा जगातली सगळी अक्कल माझ्या अंबाड्यात बांधलेली आहे असं मला वाटे.

आमच्या होड्यांना तेव्हा शिडं होती, मशीन नंतर आलं. सासूबरोबर मी सुकी मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला जाई. तिथे एका पाड्यावरच्या म्हातारीने पसाभर जवळ्याच्या बदल्यात पोपटाचं पिल्लू पुढे केलं. अंगावर धड पिसंसुद्धा नव्हती. एरवी सासूने तिला पळवून लावलं असतं. पण त्या हिवाळ्यात माझं पहिलं बाळ गेलं होतं, नाव ठेवायच्या आधीच. सासू माझ्याकडे न बघता म्हणाली, “घे. हाताला काहीतरी काम राहील.”

पिल्लाला पंख फुटले तसा गळाही फुटला. पुरुषमाणसं भरतीच्या वेळेप्रमाणे समुद्रावरून यायची आणि भर दुपारी आडवी व्हायची. नेमका तेव्हा हा सुरू होई. वाड्यातली कुत्री उठत, शेजारीण कपाळाला हात लावी. सासरे माझ्याशी थेट बोलत नसत, आमच्यात तशी रीतच नव्हती. ते सासूला मोठ्याने म्हणत, “सूनबाईला सांग, त्याचा गळा ती दाबते की मी दाबू?”

मी शहाणी काय करायची? पिंजऱ्यावर फाटकं जाळं आपटायची. त्याला वाटे, मीही ओरडते आहे, सोबत मिळाली. तो आणखी ओरडे. मग मी चोचीवर टिचकी मारायची, की तो बोट धरायचा. धरलं की सोडायचा नाही. ते फाटलेलं बोट घेऊन बोंबील टांगायला बसायचं. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने ते दोरीवर टाकतात, आणि बोंबलाचे दात सुईसारखे. त्यात खारं पाणी. नवरा हसून म्हणायचा, “बोटाला मासळीचा वास येतो तुझ्या. तो बिचारा जेवायला बसतो नि तू त्याला मारतेस.”

“मग तुमचं बोट घाला!”

“मला वल्हं धरायचंय, बाई.”

पावसाळ्यात होड्या वर ओढल्या आणि माणसं दिवसभर घरात. तेव्हा सासऱ्यांनी निकाल दिला. “पुढच्या बाजाराला तो तलासरीला परत जाईल. नाहीतर मीच सोडतो.” पिंजऱ्यात वाढलेलं पाखरू बाहेर किती टिकणार? कावळ्यांनी एका दिवसात संपवलं असतं. तो गेला तर मी दिवसभर त्या घरात कशाकडे बघायचं होतं?

मग माझ्या अंबाड्यातली अक्कल कामाला आली. चुलीवरच्या माळ्यावर आमची पावसाळ्याची सुकी मासळी असे. ऊबदार, काळोखी जागा. पिंजरा तिथे चढवला, वर गोणपाट टाकलं. अंधारात तो गप्प झाला. किती हुशार मी!

माळ्यावर दमट हवेत मासळीला किडे लागू नयेत म्हणून खापरात नारळाची सोडणं नि कडुनिंबाचा पाला जाळून रोज धुरी द्यायची असते. ते काम माझंच. मी रोज दिली. पाखरू तिथे आहे हे मला माहीत होतं, पण धूर लागतो हे डोक्यातच आलं नाही. आम्ही धुरातच जन्मलो, धुरातच जेवलो. मासळी त्याने टिकते, मग पोपट का नाही टिकणार?

घर शांत झालं. सासरे सासूला म्हणाले, “सूनबाईला सांग, पाखराला चांगलं वळण लावलं.” मी फुगले. बाजाराला परत न्यायचं नावही कोणी काढेना.

एका दुपारी माणसं झोपली होती. मी पिंजऱ्यात हात घातला तर तो चावला नाही. मुकाट बोटावर येऊन बसला. मी त्याला मिरवत खाली आणलं. “आय, बघा, मायेला लागला!”

सासू मिरच्या निवडत होती. तिने बघितलं आणि मिरच्या बाजूला सारल्या. त्याची चोच उघडी होती, दर श्वासाला शेपूट खालीवर होत होती. “अगे येडे,” ती हळू म्हणाली, “हा मायेला लागला नाही. याला धाप लागलीय. बाळाला लागली होती तशी.”

आम्ही त्याला मागच्या पडवीत नेलं. तिने बोट बुडवून चोचीत पाणी सोडलं, ते बाजूने ओघळलं. मी वारा घातला. थोड्या वेळाने शेपूट हलायची थांबली. तो तिच्या लुगड्यावर होता, माझ्या नाही.

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सासूने तो ओढून काढला.

“रड. बाळ गेलं तेव्हा माणसं समुद्रावरून येऊन निजली होती, म्हणून मी तुझं तोंड दाबलं होतं. आता रड.”

मी रडले. पोपट कधी ओरडला नसेल असं ओरडले. कुत्री उठली, शेजारीण कुंपणापाशी आली. आत सासरे उठून बसलेले दिसले, नवरा दारात येऊन थांबला. पाऊस पडत होता. मला गप्प बस असं कोणीही म्हणालं नाही.