तिला दिलेलं प्रशिक्षण

मिक्सर लावताना मी बोलते. पहले बटन बंद, फिर तार निकालो, फिर हाथ डालो. रोज सकाळी, मोठ्यानं, हिंदीत. आई दारातून विचारते, "कोणाशी बोलतेस गं?" कोणाशी नाही, म्हणते मी. तिला वाटतं, साठी गाठण्याआधीच लेकीची बुद्धी नाठी झाली. वाटू दे.

मोठ गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका दालमिलमध्ये मी कागद सांभाळते. हजेरी, विमा, अपघातांचं रजिस्टर, सरकारी तपासणीची उत्तरं. झाशीत आल्यापासून आमच्या घराण्यानं लेखणीच चालवली, तलवारी दुसऱ्यांनी चालवल्या, असं आई अभिमानानं सांगते. माझं अक्षर सुरेख आहे. आग लागो त्या अक्षराला.

नव्या बाईला मशीनवर पाठवण्याआधी शिकवायचं, असा नियम आहे. पट्टा चालू असताना हात घालायचा नाही, लाल बटण कुठे आहे, जाळी काढलेली दिसली तर काम थांबवायचं. तासाभराचं काम, पण तो तास आमच्याकडे कधी कोणाला नव्हताच. म्हणून कामावर घेतानाच मी सगळ्या कागदांवर अंगठे घेऊन ठेवायची, त्यात "प्रशिक्षण मिळालं" हाही कागद असायचा. तारीख मागाहून भरायची आणि फोटो काढून पोर्टलवर चढवायचा. कागदी घोडे नाचवण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात समथरकडची एक बाई कामाला आली. एकेका कागदावर उजवा अंगठा उठवता उठवता तिनं विचारलं, "जिज्जी, इत्ते काय के?" जिज्जी म्हणजे इकडे थोरली बहीण. ऊन मी म्हणत होतं, माझं डोकं भणभणत होतं. "सरकारी हैं. लगाओ," मी खेकसले. ती हसली आणि अंगठ्याची शाई केसांना पुसून आत गेली.

पट्ट्यावरची जाळी तेव्हा काढूनच ठेवलेली होती. सफाई लवकर उरकते ना. हे मला ठाऊक होतं, आणि महिन्याच्या तपासणीत "जाळी बसवलेली आहे" हेही मीच लिहीत होते.

तिसऱ्या आठवड्यात पट्ट्यात गोणीची चिंधी अडकली. ती काढायला तिनं चालत्या पट्ट्यात हात घातला. अंगठा गेला. उजवाच.

मालकांना आम्ही भैयाजी म्हणतो. त्यांनी तो कागद मागून घेतला. "सिखाया तो था. जान-बूझकर हाथ डाला." चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्या बोंबेला पुरावा माझ्या अक्षरात. नियम मुद्दाम मोडला असं ठरलं तर तिची भरपाई बुडणार होती, आणि कामही जाणार होतं. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला सरळ विचारलं, "प्रशिक्षण आपने ही दिया था?"

घरात कमावती मी एकटी. भैयाजी समोरच बसलेले. "नाही" अगदी ओठांवर आलं होतं, खोटं नाही सांगत.

"जी," म्हणाले मी.

मग तिचा जबाब लिहिला गेला, त्यावर अंगठा घ्यायचा होता. साहेबांनी शाईची डबी माझ्याकडे सरकवली. सवयीनं तिनं उजवा हात पुढे केला, बँडेज पाहिलं, तो पदरात घेतला आणि डावा पुढे केला. मी कागद धरून होते. ती चिडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर मला सुटल्यासारखं झालं असतं. पण ती हळूच विचारत होती, साहेबांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं.

"जिज्जी, तुमने कबै सिखाओ तो? हमें तो सुध नइयाँ."

कधी शिकवलंत, आठवतच नाही, म्हणत होती. त्याची तिलाच लाज वाटत होती. माझ्यावर तिचा संशय नव्हताच मुळी. जिज्जी कशाला खोटं बोलेल?

"दर्द में भूल गई होगी," मी म्हणाले.

"हओ," ती म्हणाली, आणि तिनं अंगठा उठवला.