आभाळ फिकं पडल्याचं कारण

मला उत्तरं द्यायची खोड आहे. बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं की ती लागते. कुणी नुसतं ‘काय उकडतंय’ म्हटलं तरी मी बाष्पाबद्दल बोलायला लागते. नवरा पाहुण्यांना आधीच बजावतो, हिला काही विचारू नका, ही सांगेल. गेल्या दिवाळीपर्यंत मला या खोडीचा अभिमानच होता.

माझे बाबा गोसीखुर्दच्या पाण्यावर मासे धरायचे. जुनं गाव धरणात गेलं, नव्या गावठाणात सिमेंटचं घर मिळालं, पण त्यांनी डोंगा, म्हणजे आपली छोटी होडी, सोडला नाही. हातात घड्याळ कधी बांधलं नाही. आभाळ लाल झालं की जाळं टाकायचं आणि ती लाली विझायच्या आत काठाला लागायचं, एवढंच त्यांचं वेळापत्रक. म्हणून त्या दिवाळीच्या दोन वर्षं आधी एका संध्याकाळी शहापूरला माझ्या घरी त्यांचा फोन आला, तेव्हा त्यांचा आवाज जरा कावराबावरा होता.

“बाई, आभाळ आता पयल्यावानी लाल नाही होत ना. काहून होत असन?”

मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. फोन मानेत दाबून धरला आणि अख्खा धडा ऐकवला. मावळतीला सूर्याच्या उजेडाला हवेतून फार लांब यावं लागतं. वाटेत निळा रंग विखरून जातो, तांबडा तेवढा आपल्यापर्यंत पोचतो. पण हवेत पाण्याचे थेंब फार झाले, तर ते सगळेच रंग सारखे विखुरतात आणि आभाळ पांढुरकं दिसतं.

“धरणाच्यानं हवेत पानी वाढलं ना, बाबा. मंग रंग फिका पडनच.”

“असं हाय तं!” बाबा एकदम खूश झाले.

उत्तर चुकीचं नव्हतं. परीक्षेत कुणी लिहिलं तर मी आजही पूर्ण गुण देईन.

बाबांनी ते गावभर सांगितलं. माझी पोरगी म्हनते, धरणानं आभाळाचा रंगबी नेला. लोकांनी माना डोलावल्या. घर गेलं, वावर गेलं, त्यात आणखी एक. कुणालाच खोटं वाटलं नाही, कारण जुन्या गावातलं सगळंच आता जास्त लाल आणि जास्त गोड आठवतं. वर बघून खात्री करायची गरज कुणाला पडली नाही.

मधल्या काळात आई फोनवर कुरकुरायची. “तुह्या बाबाचा खांदा आजकाल कवाडाले लागते. बाजूले ठेवलेला चहा सांडवते. ध्यानच नाही राहत.” मी त्यालाही उत्तर दिलं. वय झालं, म्हटलं.

दिवाळीच्या सुट्टीत गेले, तेव्हा धान कापून झालं होतं आणि कुठेकुठे तणस जळत होती. संध्याकाळी बाबांबरोबर काठावर गेले. सूर्य बुडाला आणि पश्चिमेकडून डोक्यापर्यंत आभाळ पेटलं. पाणीसुद्धा लाल झालं. मी हसून म्हणणार होते, बघा, धरणानं परत दिला तुमचा रंग. तेवढ्यात बाबाच म्हणाले,

“पाह्य, तू सांगतलं तसंच. चुन्याच्या पान्यावानी झालं पूरं.”

ते समोर बघत होते. मी हळूच त्यांच्या डोळ्याच्या बाजूला हात नेला, बोटं हलवली. त्यांना कळलं नाही. दुसऱ्या बाजूने हलवली. तिकडेही नाही.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंब घालून राखायची. काही दुखत नाही, म्हणून लोक उशिरा येतात, ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, रंग फिके दिसतात असं हे कधी बोलले नाहीत का?

बोलले होते, असं मी सांगितलं. पुढचं सांगितलं नाही.

घरी आल्यावर डोंगा बंद झाल्याचं आईनेच बाबांना सांगितलं. मला ते तोंडातून काढता येईना. बाबा ओसरीवर बसून होते. चिडले नाहीत, चिडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं,

“मंग आभाळ लाल होत होतं का? रोज?”

“हाव, बाबा. रोज नाही, पन होत होतं.”

ते मान हलवत राहिले. मनातल्या मनात दोन वर्षांच्या संध्याकाळी मागे जाऊन बघत असावेत.

“मले तं नाही दिसलं,” ते म्हणाले. “पन तुह्या शहापुरातबी हेच आभाळ हाय ना, बाई? एक खेप पाहून तं सांगाचं होतं.”

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे.